हातोड्याला लागलेला पाय

रामाकोना गावाच्या आजूबाजूला कुणाच्या बोअरची मोटार बसली, की घरातून पहिलं वाक्य निघतं, 'गुणवंताले फोन लाव.' दुसरं निघतं, 'हळद आन् कापसाची पट्टी काढून ठेव.' गुणवंता मिस्त्री आला म्हणजे मोटार चालू होणार, याबद्दल कुणाच्या मनात शंका नसते. आणि जाताना त्याचं एखादं बोट सोललेलं असणार, याबद्दलही नसते.

माणूस साठीकडे झुकलेला, अंगाने काटक, आवाजाने मऊ. उभी हयात मोटारी काढण्यात आणि सोडण्यात गेली, तरी अवजारांनी त्याला कधी सवलत दिली नाही. डाव्या अंगठ्याचं नख हातोड्याने कायमचं काळं करून ठेवलंय. तळहाताच्या मधोमध पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घुसल्याची खूण आहे. भुवईवर पाना निसटून आपटल्याचा व्रण आहे, आणि पकडीने चिमटलेल्या जागा तर तो स्वतःही विसरून गेलाय. एवढं सगळं होऊन त्याने आजवर एकाही अवजाराला शिवी दिलेली नाही. रक्त आलं की तो आधी अवजार उचलणार, कपाळाला लावणार आणि मग हळदीसाठी हात पुढे करणार. संध्याकाळी काम आटोपलं की एकेक पाना, एकेक पेचकस कपाळाला लावून पिशवीत ठेवायचा, हा त्याचा रोजचा नेम. बोरगावला त्याचा बाप बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव चढवायचा, त्याच्याकडून हे आलेलं. बापाने शिकवलं होतं, की लोखंड आपल्याला पोसतं, त्याला पाय लागला तर हातातलं काम थांबव आणि पाया पड. हातातलं काम थांबव, हेही शिकवलं होतं, हे ध्यानात ठेवावं, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच झालं.

अमिताला हा माणूस पहिल्यांदा नीट कळला तो कुरड्यांच्या दिवशी. अमिता मूळची पांढुर्ण्याची, दुकानदाराची मुलगी. लग्न होऊन रामाकोन्याला आली. नवरा अरविंद सौंसरला शाळेत शिकवतो, शेताकडे बघणं तिच्याच अंगावर पडलं आणि तिने ते आवडीने अंगावर घेतलं. त्या दिवशी अंगणात सासूबाईंनी, म्हणजे देवकाबाईंनी, खाटेवर कुरड्या घातल्या होत्या. गुणवंता कोपऱ्यात हातपंपाचा दांडा ठोकत बसला होता. ठोकता ठोकता हातोड्याचं डोकं लाकडी मुठीतून सुटलं आणि थेट कुरड्यांच्या मधोमध जाऊन बसलं. देवकाबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. गुणवंता धावत आला, कुरड्यांतून हातोड्याचं डोकं काढलं, पुसलं, कपाळाला लावलं, आणि त्यानंतर देवकाबाईंपुढे हात जोडले. देवकाबाई म्हणाल्या, आधी हातोडा आणि मग मी का? त्यावर त्याने खाली मान घालून सांगितलं, की तुमचं फक्त नुकसान झालं आई, त्याचं तर डोकंच गेलं. देवकाबाईंना हसू आवरेना. तेव्हापासून घरात कुणी कशाला आपटलं, की 'आधी हातोडा' हे वाक्य ठरलेलं.

अमिताही हसली होती. पण तिला आत कुठेतरी वाटलं होतं, की हे वेड साधं नाही.

आता बागेबद्दल सांगायला हवं, कारण गोष्ट तिच्यासाठीच घडली. गावच्या वर मुरमाड उतारावर यांची जमीन. तिथे कापूससुद्धा नाइलाजाने वाढायचा. अमिताने हट्ट धरला, की इथे संत्रा लावायचा. अरविंदसकट सगळ्यांनी समजावलं, की पाणी कुठून आणशील? बोअर मारले, ते कोरडे धुरळा ओकत राहिले. लोकांना बोलायला विषय मिळाला. मग बांधाच्या कोपऱ्यात एका बोअरला पाणी लागलं, आणि त्या एका नळीच्या भरवशावर तिने कलमं लावली, जगवली, त्यांच्याबरोबर उन्हातान्हात स्वतःही रापली. या वर्षी पहिल्यांदा आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणारा, भरून धरला होता. मे महिन्यात फळं सुपारीएवढी झाली होती. अशा वेळी झाडाला पाण्याचा ताण बसला, की आधी फळ गळतं आणि मग फांदी वाळते.

आणि नेमकी तेव्हाच मोटार जळली.

गुणवंता दुसऱ्या दिवशी सकाळीच घोडी घेऊन हजर झाला. घोडी म्हणजे तीन पायांचा लोखंडी सांगाडा. तो बोअरच्या तोंडावर उभा करायचा, त्याला साखळीची पुली टांगायची आणि बोअरच्या आत खोल सोडलेल्या मोटारीवरचे पाईप एकेक करून वर ओढायचे. साखळीवर त्याचा जुना जोडीदार संदीप होता. वर आलेला पाईप सोडवण्याआधी त्याच्या खालच्या पाईपला क्लॅम्प लावतात. क्लॅम्प बोल्टने घट्ट आवळला, की खालचं सगळं वजन बोअरच्या तोंडावर टेकतं, आणि वरचा पाईप निर्धास्त सोडवता येतो. काम सगळं सरावाचं. गुणवंता नेहमीप्रमाणे चपला दूर काढून अनवाणी उभा होता. अर्धेअधिक पाईप निघाले होते, अमिता चहा घेऊन आली होती.

क्लॅम्पचा एक बोल्ट आवळून झाला होता, दुसरा आवळता आवळता गुणवंताने उजवा पाय जरासा सरकवला. पायाशी हातोडा पडला होता. त्याला पाय लागला.

त्याचा हात पान्यावरून उठला आणि हातोड्याकडे गेला.

तेवढ्यात संदीपला वाटलं, की बोल्ट आवळून झाला. त्याने साखळी सैल सोडली. क्लॅम्प किरकिरला, पाईप त्यातून सरकला आणि डोळ्यांदेखत खाली गेला. मोटारीला आधाराला बांधलेली दोरी उन्हापाण्याने कुजली होती, ती तुटली. केबल तुटली. बोअरच्या आतून लोखंड घासत जाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, मग खोल कुठेतरी धप्प झालं आणि सगळं शांत झालं.

त्या शांततेत गुणवंताने काय करावं? तो वाकलाच होता. त्याने हातोड्याला हात लावला आणि तो कपाळाला नेला. अर्धा राहिलेला नमस्कार पुरा केला.

अमिताच्या हातातला चहा सांडला. तिला त्या क्षणी त्या माणसाचा इतका राग आला, की तिला स्वतःचीच भीती वाटली. झाडं तिच्या समोर उभी होती, त्यांच्या मुळाशी ठिबकच्या नळ्या कोरड्या पडल्या होत्या, आणि हा माणूस हातोड्याच्या पाया पडत होता.

बातमी गावात जायला वेळ लागला नाही. संध्याकाळपर्यंत बांधावर सल्ला देणाऱ्यांची जत्रा भरली. कुणी म्हणालं, तो बोअर गेला, नाव सोडा. कुणी म्हणालं, नवीन मारा. जमिनीत पाणी कुठे आहे ते मात्र कुणी सांगेना. एकाने सुचवलं, की मिस्त्रीचा उजवा हात पाठीशी बांधूनच कामाला लावायला हवा होता. सगळे हसले. गुणवंता बोअरच्या तोंडापाशी उकिडवा बसून होता. तो हसला नाही आणि रागावलाही नाही.

अरविंद शाळेतून आला. तो आवाज चढवणारा माणूस नाही, पण त्या दिवशी त्यालाही राहवलं नाही. त्याने विचारलं, "नमस्कार मागून नसता का करता आला, गुणवंताभाऊ?"

गुणवंता म्हणाला, "हात काही इचारून जाते का सर? मले समजलं तवा तो गेला होता."

मग म्हणाला, की चूक आपलीच आहे. दोरी आधी पाहायला हवी होती, हातोडा पायाशी ठेवायला नको होता. हातोड्याची काही चूक नाही. बाग वाळू देणार नाही, एवढं बोलून तो उठला. सगळी अवजारं रोजच्यासारखी एकेक करून कपाळाला लावली, हातोडासुद्धा, आणि पिशवी भरली.

अमिता त्या रात्री जेवली नाही. पण पडल्या पडल्या तिच्या मनात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत राहिली. चूक झाली की माणूस आधी इकडेतिकडे बघतो, कुणावर ढकलता येईल ते शोधतो. तिने स्वतः शंभरदा केलंय. याने तर एवढ्या लोकांसमोर सगळं आपल्या अंगावर घेतलं, आणि लोखंडाच्या तुकड्यालासुद्धा दोष लागू दिला नाही. राग गेला नव्हता, पण त्याच्या शेजारी दुसरंच काही येऊन बसलं होतं.

पुढचे दिवस वाईट गेले. शेजारच्या विहिरीवरून टाकी भरून आणायची आणि झाडाझाडाला बादलीने पाणी घालायचं, असं अमिताने सुरू केलं. वरच्या रांगेला घालावं तर खालची सुकते, खालच्या रांगेकडे जावं तर वरची पानं मुडपून घेते. सकाळी झाडाखाली गळलेली फळं दिसायची. ती वेचताना तिचा जीव तुटायचा.

गुणवंता सौंसरला गेला आणि एका वेल्डिंगवाल्याकडे ठाण मांडून बसला. त्याने एक लोखंडी काटा घडवून घेतला. खाली निमुळता, वर जाड, आणि अंगावर स्क्रूसारखे आटे. हा काटा पाईपच्या टोकाला जोडायचा, पाईपाला पाईप जोडत बोअरमध्ये सोडायचा, खाली पडलेल्या पाईपचं तोंड अंधारात शोधायचं, काटा त्या तोंडात घालायचा आणि फिरवायचा. आटे आतून चावले, म्हणजे वर ओढायचं. सांगायला एवढंच आहे. पण ते तोंड वीतभर रुंदीच्या नळीत, शेकडो हात खोल, पाण्यात आणि काळोखात होतं. काटा घासून गुळगुळीत करताना कानस निसटली आणि मिस्त्रीच्या बोटाचं साल गेलं, हे वेगळं सांगायला नको. हळद वेल्डिंगवाल्याच्या बायकोने लावली.

काटा सोडून शोध सुरू झाला, तसे बांधावरचे सल्लागार पुन्हा आले आणि कंटाळून परत गेले. बघण्यासारखं काही नव्हतंच. गुणवंता पाईपला दोन्ही हातांनी धरून उभा राही. हळूच उचले, हळूच टेकवी, चिमूटभर फिरवी आणि डोळे मिटून घेई. मधूनच कान पाईपला लावी. संदीप साखळी धरून उभा असे. तासचे तास असे जात. पहिल्या दिवशी काही मिळालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. काटा बोअरच्या कडेला लागे, दगडाला लागे, तुटलेल्या केबलमध्ये अडके. गुणवंता तो वर काढी, केबलचा गुंता सोडवी आणि पुन्हा सोडी.

अमिता बादल्या घालता घालता येताजाता बघायची. तिसऱ्या दिवशी दुपारी ती जवळून चालली असताना त्याने डोळे न उघडताच तिला बोलावलं.

"वहिनी, इथं हात ठेवा. दाबू नोका, नुसता ठेवा."

तिने पाईपवर तळवा ठेवला. उन्हाने तापलेलं लोखंड होतं. आधी काहीच कळेना. मग गुणवंताने पाईप केसभर उचलून टेकवला, आणि तिच्या तळव्याला एक बारीकशी टिचकी लागली. कडक, कोरडी.

"हा दगड आहे," तो म्हणाला. त्याने पाईप जरा फिरवला, पुन्हा टेकवला. आता टिचकी वेगळी आली. जराशी लांबलेली, आतून पोकळ, आणि तिच्यामागून एक अगदी मंद थरथर कोपरापर्यंत चढत आली.

"आन् हा आपला पाईप. बोलून राहिला पाहा."

अमिताने हात तसाच ठेवला. पायाखाली एवढी जमीन, एवढा दगड, त्याखाली तिच्या झाडांचं पाणी, त्या पाण्यात बुडालेलं एक लोखंड, आणि ते तिच्या तळव्याशी येऊन टकटक करत होतं. या जमिनीवर ती इतकी वर्षं राबली, पण जमिनीला आत असं काही असतं हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. देवळात हात जोडताना जे व्हायला हवं आणि बहुधा होत नाही, ते तिला त्या गरम पाईपवर झालं. तिने हात काढला तरी तळव्यात थरथर राहिली होती. हा माणूस अवजार कपाळाला का लावतो, हे विचारायची गरज तिला त्यानंतर वाटली नाही.

काटा तोंडात बसायला चौथा दिवस उजाडला. बसला तेव्हा गुणवंताने डोळे उघडले. त्याने पाईप फिरवायला सुरुवात केली, आणि फिरवता फिरवता पाईप जड होत गेला. मग त्याने संदीपला मान हलवून खूण केली. साखळी ताणली, घोडीचे पाय मातीत रुतले, आणि काहीतरी खालून सुटून वर येऊ लागलं.

एकेक पाईप बाहेर निघाला. अमिताने बादली ठेवून दिली होती. पहिल्या दिवसाच्या अनुभवाने ती शहाणी झाली होती. तिने सगळे पाने, पकडी, छिन्न्या उचलून दूर एका पोत्यावर नेऊन ठेवल्या. अरविंदने नवी जाड दोरी आणली होती, पण खालच्या पाईपचं तोंड वर आल्याशिवाय ती कशाला बांधणार? पोत्यावर न्यायचा एकच राहिला, तो हातोडा. क्लॅम्प गंजला होता, त्याला ठोकून बसवावं लागे, म्हणून तो गुणवंताच्या पायाशीच लागत होता.

शेवटी काटा बोअरच्या तोंडाशी आला. त्याच्याखाली तो पडलेला पाईप दिसला, चिखलाने माखलेला. हाच क्षण अवघड होता. पाईप, मोटार, सगळं वजन त्या काट्याच्या थोड्याशा आट्यांवर लोंबकळत होतं. साखळीला झटका बसला तर आटे सुटणार, आणि एकदा सुटून आतून चिरलेल्या तोंडात काटा पुन्हा चावणार नव्हता. गुणवंताने ते सकाळीच सांगून ठेवलं होतं. क्लॅम्प बसून दोन्ही बोल्ट आवळले जाईपर्यंत कुणी श्वाससुद्धा जोरात घेऊ नये अशी वेळ होती.

संदीपने साखळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. त्याच्या दंडाच्या शिरा फुगल्या होत्या. गुणवंताने क्लॅम्प ठोकून बसवला, हातोडा खाली ठेवला, एक बोल्ट आवळला. दुसऱ्याला पाना लावला आणि डाव्या हाताने क्लॅम्प पाईपवर दाबून धरला. पाईप ओला होता, निसरडा होता. तो एक बोटभर सरकला आणि थांबला. गुणवंताने जोर यावा म्हणून पाय रोवला.

पाय हातोड्यावर पडला.

अमिताने ते पाहिलं. तिची नजर मघापासून त्या पायावरच होती. तिने वर पाहिलं, तर गुणवंताचा चेहरा पांढरा पडला होता. त्याला कळलं होतं. काय करायचं नाही, हेही त्याला कळलं होतं. दात आवळून तो स्वतःचाच हात धरून ठेवायला बघत होता, आणि हात ऐकत नव्हता. इतक्या वर्षांचा हात, बापाने वळण लावलेला. पान्यावरची बोटं एकेक करून सैल होऊ लागली होती.

अमिता खाली बसली. तिने त्याच्या पायाखालच्या हातोड्याला हात लावला आणि तो हात आपल्या कपाळाला नेला. दोन्ही डोळ्यांना लावला. सावकाश, नीट, तो करतो तसा.

"तुमचा नमस्कार मी केला, भाऊ," ती म्हणाली. "तुम्ही बोल्ट आवळा."

गुणवंताने तिच्याकडे पाहिलं. बोटं पान्यावर परत बसली. त्याने बोल्ट आवळला, मग दोन्ही बोल्ट पुन्हा एकदा आवळले, आणि संदीपला साखळी सोडायला सांगितलं. साखळी सैल झाली. पाईप जागचा हलला नाही.

अरविंदने नवी दोरी बांधली. मोटार वर आली, सौंसरला जाऊन तातडीने नव्या तारेने भरून आली आणि त्याच दिवशी पुन्हा बोअरमध्ये गेली. ती सुरू झाली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. ठिबकच्या नळ्यांनी आधी हवा टाकली, मग मातीचं गढूळ पाणी, मग स्वच्छ थेंब. काही झाडांच्या शेंड्याच्या फांद्या गेल्या होत्या, फळंही बरीच गळली होती, पण बाग उभी होती. देवकाबाई काठी टेकत बांधापर्यंत आल्या आणि प्रत्येक झाडापाशी थांबून पाणी पडतंय का ते वाकून बघत राहिल्या. अमिता एका झाडाखाली बसून रडली आणि तिने ते कुणापासून लपवलं नाही.

गुणवंता पोत्यापाशी बसून अवजारं आवरत होता. हाताला चिंधी होती, कारण काटा सोडवताना त्याने शेवटचा प्रसाद दिलाच होता. संदीप आता चेष्टा करायला मोकळा झाला होता. तो म्हणाला, मिस्त्री, त्या हातोड्याचं राहिलंय बरं का, आता घ्या करून सावकाश.

"झाला ना तो," गुणवंता म्हणाला. "वहिनीनं केला. एका पायाचे दोन नमस्कार कायले?"

अमिता ऐकत होती. त्याने पाना उचलला, कपाळाला लावला, पिशवीत ठेवला. पक्कड उचलली, कपाळाला लावली, ठेवली. पेचकस, छिन्नी, कानस, आणि तो सौंसरहून घडवून आणलेला काटाही. सगळ्यात शेवटी त्याने हातोडा घेतला, पदराने पुसावा तसा आपल्या शर्टाच्या टोकाने पुसला, आणि कपाळापर्यंत न नेता नुसता पिशवीत ठेवला.